पेपर तीन तासांचा, काम दोन तासांचं

अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात गणितात नापास झालेली मुलं गणितात कच्ची असतातच असं नाही. माझ्याकडे येणारी तर बहुतेक नसतात. म्हैसूरच्या एका महाविद्यालयात गणित शिकवून मी निवृत्त झाले. माहेर बेळगावचं, संसार कुवेंपुनगरातला. संध्याकाळी पुढच्या खोलीत चार-सहा मुलं येऊन बसतात. फी घेत नाही, पण पाढे चुकले तर ऐकूनही घेत नाही.

त्यातला एक चामराजनगरकडच्या खेड्यातला, दहावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकलेला. नुसतं समाकलन दिलं की मान वर न करता सोडवतो. तेच गणित ‘टाकीत पाणी येतंय, तळातून गळतंय, किती वेळात भरेल’ असं पाच ओळींच्या इंग्रजीत घातलं की पेन थांबतं. मी त्या ओळी कन्नडात वाचून दाखवल्या. ‘अष्टेना?’ म्हणाला, म्हणजे ‘एवढंच?’, आणि समीकरण मांडून मोकळा झाला.

दुसरी मुलगी जन्मापासून कमी ऐकते. कानाला यंत्र आहे, पण भरल्या वर्गाच्या गोंगाटात त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून ती शिकवणाऱ्याच्या ओठांकडे बघते. आता आम्हा गणितवाल्यांची सवय बघा. तोंड फळ्याकडे, हातात खडू, आणि लिहिता लिहिता बोलणं चालूच. अवघड पायरी का घेतली ते आम्ही नेमकं फळ्याला सांगतो. मग वर्गाकडे वळून विचारतो, ‘समजलं?’ तिला दिसतो तो एवढाच शब्द. कोविडनंतर मास्क लावून वर्ग भरले तेव्हा तर तोही गेला.

सरकारदरबारी या दोघांचं नातं काही नाही. मुलीकडे प्रमाणपत्र आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिकाची मुभा असणाऱ्याला परीक्षेत तासामागे किमान वीस मिनिटं जादा मिळतात. खेड्यातल्या मुलाकडे कसलाच कागद नाही, कारण इंग्रजी न येणं हे काही दिव्यांगत्व नव्हे. नसावंच. पण वर्गात दोघांना लागतं ते एकच: नवे शब्द तासाच्या आधी लिहून मिळावेत, शिकवणाऱ्याने वर्गाकडे तोंड करून सावकाश बोलावं, आणि टिपणं हातात पडावीत. यातल्या कशाला प्रमाणपत्र कशाला हवं?

कागदाच्या या हट्टाला सर्वोच्च न्यायालयानेही धक्का दिला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात न्यायालयाने सांगितलं की लिहिताना हात आखडत असेल, तर ४० टक्क्यांचा शिक्का नसला तरी लेखनिक मिळाला पाहिजे. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाचादोषाच्या टक्क्यांवरून वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला, तेव्हा न्यायालय म्हणालं की नुसते टक्के मोजू नका, हा मुलगा शिक्षण पुरं करू शकेल का ते तपासा. म्हणजे टक्का बाजूला ठेवून माणसाकडे बघा, हे न्यायमूर्तींना सांगावं लागलं. शिक्षकाला ते रोजच्या तासात दिसायला हवं होतं.

आमच्या म्हैसूरला तर सबबच नाही. विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, १९६५ ची. इथे तिला ‘आयिश’ म्हणतात. जेएसएस या संस्थेचं दिव्यांगांसाठीचं तंत्रनिकेतन १९९१ पासून चालतं. संगणकापासून दागिन्यांच्या डिझाइनपर्यंतच्या पदविका तिथे शिकवतात. माझ्या माडीवर भाड्याने राहणारी सांगलीकडची मुलगी ‘आयिश’ची विद्यार्थिनी. पेशंटशी बोलायला लागतं म्हणून ती जिन्यात उभी राहून माझ्यावर कन्नडाचा सराव करते. पेशंटच्या घरच्यांना काय सांगतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, ‘काकू, साधंच. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, ओरडू नका. समजलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणू नका, वेगळ्या शब्दांत सांगा.’ नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात मी भारी भारी स्लाइड्स बघितल्या आहेत. हे कोणी सांगितलं नाही.

भाषेच्या बाबतीतही सबब नाही. ज्यांच्या नावाची आमची वस्ती, ते कन्नड कवी कुवेंपु १९५६ ते १९६० या काळात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. मानसगंगोत्री हे नाव त्यांचंच, आणि उच्च शिक्षणही कन्नडातून व्हावं हा आग्रहही त्यांचा. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली. पिंपरी-चिंचवडला मराठी तुकडी निघाली. कर्नाटकातही कन्नडाची तयारी झाली, पण मुलं फारशी फिरकली नाहीत. मला त्यात नवल वाटलं नाही. वेगळ्या तुकडीवर ‘त्यांची तुकडी’ असं नाव पडतं, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीला ते नाव बरोबर जाईल ही भीती आईबापांना असते. माझं म्हणणं, वर्ग एकच ठेवा. प्रश्नपत्रिका दोन भाषांत छापा, शंका कुठल्याही भाषेत विचारू द्या, संज्ञा इंग्रजी असू द्या. कन्नड मुलाला ‘इंटिग्रेशन’ या शब्दाची अडचण नाही. भोवतालच्या पाच ओळींची आहे.

यावर, आणि परीक्षेतल्या जादा वेळेवरही, ‘दर्जा घसरेल’ हे ठरलेलं उत्तर येतं. डॉक्टर, इंजिनिअर तयार करायचेत, कारकून नव्हेत, असंही ऐकवलं जातं. मग बघा, तीन तासांत अठ्ठावीस पानं भरण्याचा वेग नक्की कोणाला लागतो? पूल बांधणाऱ्याला नाही. शस्त्रक्रियेत किंवा आणीबाणीच्या खोलीत वेगाला किंमत आहे, हे मान्य. तो वेग तिथेच, हातात उपकरण देऊन तपासा. लेखी पेपरात आपण तपासतो तो बहुतेक हस्ताक्षराचा आणि पाठांतराचा वेग.

म्हणून तीन तासांच्या पेपरात दोन तासांत होईल एवढंच काम द्यावं. तासामागे वीस मिनिटं म्हणजे तीन तासांना एक तास. दोन तासांच्या कामाला तीन तास दिले तर त्याहूनही जास्त सवलत सगळ्यांच्याच वाट्याला येते. शाळेत अध्ययन अक्षमतेच्या सवलती घेतलेली मुलं कॉलेजात त्या लपवतात, कारण मित्रांसमोर वेगळ्या खोलीत जाऊन बसावं लागतं. मुंबई-पुण्याकडे अशी कितीतरी असतील. महाराष्ट्रात दहावीला या सवलती १९९६ पासून आहेत. या मुलांना मग खोली बदलावी लागणार नाही. लेखनिक ज्याला हवा त्याला द्यावाच लागेल, ब्रेलही लागेल; वेळेसाठी मात्र अर्ज, शिक्का, डॉक्टर काही लागणार नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या एका बैठकीत मी हे मांडलं होतं. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘बाई, मग हुशार मुलं तासभर आधीच उठून जातील.’ मी म्हटलं, जाऊ देत की. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण प्रश्नपत्रिकेतले आठच्या आठ प्रश्न तसेच राहिले.