दुर्बीण घेताना...

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, पक्षी बघायला दुर्बीण घेतोय. वीसपट मोठं दाखवणारी मिळतेय, घेऊन टाकू ना?" मी इतक्या जोरात "नको!" म्हणाले की बिचारा गप्पच झाला. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. तुमच्यापैकी कुणी दुर्बीण घ्यायच्या विचारात असेल तर त्यांनीही वाचावं.

निवृत्तीनंतर मला पक्ष्यांचा नाद लागला, हे घरच्यांना ठाऊक आहेच. हिवाळ्यात आम्ही चार-पाच जणी नाशिकहून पहाटे निघून नांदूर मध्यमेश्वरला जायचो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ. २०२० साली त्याचं नाव रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. माझी जुनी दुर्बीण बिघडली तेव्हा मुलाने मोठ्या हौसेने नवी आणली, २०×५०. दुकानदार म्हणाला होता, आकडा मोठा तितकं चांगलं.

ती डोळ्यांना लावली आणि सगळं तळंच थरथरायला लागलं. दुर्बीण जवळजवळ किलोभर वजनाची, हात माझे सत्तरीतले. पक्षी सापडेपर्यंत उडून जायचा, आणि सापडलाच तर मध्येच काळोखी यायची. मला वाटलं, झालं, आपले डोळे गेले! मुलाला काही बोलले नाही, इतक्या प्रेमाने आणलेली वस्तू. मैत्रिणींना "गुडघे दुखतात गं" सांगून दोन हिवाळे घरीच बसले. माझ्या शेजारी बसून वहीत पक्ष्यांची यादी करणारी मैत्रीण त्या दुसऱ्या हिवाळ्यानंतर गेली. तिच्याबरोबरच्या किती सकाळी मी अशा घालवल्या...

मग माझी एक जुनी विद्यार्थिनी मला बळेच घेऊन गेली आणि तिने आपली ८×४२ माझ्या गळ्यात अडकवली. समोर चक्रवाकाची जोडी होती. नारिंगी-बदामी अंग, फिकट डोकं, सगळं स्वच्छ आणि स्थिर. डोळे शाबूत होते हो माझे!

आता थोडं गणित, बाईंची सवय जात नाही. पहिला आकडा म्हणजे कितीपट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ८×४२ मध्ये डोळ्याशी येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटर रुंद, तर २०×५० मध्ये फक्त अडीच. झोत अरुंद म्हणून पहाटेच्या उजेडात चित्र अंधुक, आणि हात जरा हलला की काळोखी. शिवाय जितकं मोठं दिसतं तितकाच हाताचा कंपही मोठा होतो, आणि एका वेळी दिसणारा भागही साधारणपणे लहान होतो. झाडात भिरभिरणारा शिंजीर मग सापडणार कसा?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हातात धरायची असेल तर आठपट पुरे, फार तर दहापट. वीसपटीला तिवई हवी. तळ्याकाठी लांबचे तुतवार ओळखायला तिवईवरची मोठी दुर्बीण खरंच उपयोगी पडते, पण ती गटात एक असली तरी चालतं.

चष्मा असेल तर तो लावूनच दुकानात दुर्बीण बघा. डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली करूनही पूर्ण गोल दिसला पाहिजे. मग उजवं भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डावीकडचं चित्र स्पष्ट करा, नंतर डावं झाकून उजवीकडची कडी फिरवून उजवीकडचं. अनेक जण ही कडी वर्षानुवर्षं हातच लावत नाहीत आणि डोकं दुखतं म्हणतात! दहा मिनिटं गळ्यात अडकवून दुकानात उभे राहा. मान अवघडली तर ती तुमची दुर्बीण नव्हे. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, तेव्हा ओलसर कपाटात ठेवू नका, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

बाकी सामान थोडंच. मातकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी, वही-पेन्सिल. कॅमेऱ्याची घाई नको. आधी बघायला शिका. फोटोच्या नादात घरट्यापर्यंत जाणारे लोक पाहिले की मला अजून वर्गातल्यासारखं ओरडावंसं वाटतं.

आणि हो, मुलगा हे वाचेलच. बाळा, चूक तुझी नव्हती. जमत नाही हे मी वेळेवर सांगायला हवं होतं. तुझी दुर्बीण आता गच्चीत तिवईवर आहे, नात तिच्यातून चंद्र बघते.

असो. भाच्याने काय घेतलं ते कळवेनच. तुमची दुर्बीण कोणती, तेही सांगा.