ओट्यावर प्लॅस्टिकच्या फळ्या टाकण्यापूर्वी



गेल्या पंधरवड्यात निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागाईतदाराकडे जाण्याचा योग आला. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. तेव्हापासून बाग पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घरापुढे ऐसपैस बैठक करावी, असा धाकट्या चिरंजीवांचा बेत आहे. त्यासाठी त्यांनी दुकानातून फळीचा एक तुकडा आणला होता. दिसायला थेट सागवान, हातात घेतला तर जड. बागेचे पैसे नुकतेच हाती आले होते आणि सगळा ओटा झाकून टाकायचे जवळजवळ ठरलेच होते. आजी मात्र म्हणाल्या, "साहेब, मग मी कुरडया कुठं घालू?"

त्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देतो. आधी ही फळी काय आहे ते समजून घेऊ. लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून साच्यातून ही फळी काढतात. बाजारात तिला 'डब्ल्यूपीसी' म्हणतात. तिला वाळवी सहसा लागत नाही, सालपे निघत नाहीत आणि दरवर्षी तेलपाणी करावे लागत नाही. हे गुण खरेच आहेत. पण ती लाकूड नव्हे, म्हणून लाकडाचा हिशेब तिला लावू नये.

पहिली गोष्ट आधाराची. ही फळी सागाइतकी ताठ नसते. खालच्या आडव्या पट्ट्या साधारण १२ ते १६ इंचांवर हव्यात. कारखान्याच्या पत्रकात याहून कमी अंतर दिले असेल तर तेच पाळावे. अंतर वाढवून पट्ट्यांचे पैसे वाचवले, तर दोन उन्हाळ्यांत फळीला झोल पडतो. खालचा सांगाडा साध्या लाकडाचा केला, तर वर फळी शाबूत आणि खाली वाळवी, अशी गत होते. आपली काळी भुई पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर खांब उभे केले तर बैठक वाकडी होणारच. म्हणून पाया मुरुमापर्यंत न्यावा. सिमेंटच्या ओट्यावर काम असेल तर दर ८ फुटांना १ इंच उतार ठेवावा, म्हणजे खाली पाणी साचणार नाही.

दुसरी गोष्ट फटीची. उन्हाने ही फळी लांबते. ३ मीटरची फळी तापमानात ३० अंशांचा फरक पडला, की सुमारे ३ ते ५ मिलिमीटर वाढते. टोकाला जागा सोडली नाही तर फळ्या एकमेकींना रेटून उचलल्या जातात. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात फटी आणखी गरजेच्या आहेत. पाणी आणि पालापाचोळा अडकला की शेवाळ धरते आणि म्हातारी माणसे घसरतात. पावसाळ्यात ब्रशने फळ्या घासून काढाव्या.

तिसरी गोष्ट उन्हाची. मालेगावकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. गडद रंगाची फळी तेव्हा अनवाणी पायाला सोसत नाही. खरेदीपूर्वी नमुन्याचा तुकडा दुपारभर उन्हात ठेवून त्यावर तळहात टेकवून पाहा. रंग फिकाच घ्या आणि वर मांडव किंवा पत्र्याची सावली असू द्या. फळीवर शेगडी ठेवू नका. कापून उरलेले तुकडे चुलीत किंवा बंबात मुळीच घालू नका. काही फळ्यांत पीव्हीसी असते आणि त्याचा धूर फुप्फुसांना जाळतो.

दर विचारताना नुसत्या फळीचा विचारू नका. सांगाडा, क्लिपा, स्क्रू आणि मजुरी धरून चौरस फुटाला काय पडते ते कागदावर लिहून घ्या. हमीचा कागदही मागा. झोल पडणे आणि रंग उडणे त्यात धरले आहे का, तेवढे वाचा.

आता आजींचे उत्तर. त्यांच्या घरी असे ठरले, की पाहुण्यांसाठी ओट्याची पडवीखालची, सावलीची बाजू फळ्यांनी सजवायची आणि उन्हाची निम्मी बाजू शहाबादी फरशीचीच ठेवायची. पाहुणे येतील आणि जातील. कुरडया, पापड, शेवया, बियाण्याचे धान्य मात्र दरवर्षी वाळवायचेच आहे. पैसाही निम्माच लागला. उरलेल्या पैशात पडवीचा गळका पत्रा बदलून झाला.

घरातल्या कामाची जागा आधी मोजावी आणि मग शोभेची. दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या बायामाणसांना एकदा विचारा.