पाइप आपला, रेग्युलेटर दुकानाचा

टेक्सासात धुरावर मांस भाजणाऱ्या माणसाला काहीही विचारा, तो आधी लाकडावर येतो. पोस्ट ओक चांगलं की मेस्कीट, किती वाळलेलं, साल काढायची की नाही. पण ते लाकूड पेटवता कसं, असं विचारलं की आवाज जरा खाली येतो. अनेकांच्या परसात स्मोकरमागे प्रोपेनची टाकी उभी असते आणि तिला घरी जुळवलेला बर्नर जोडलेला असतो. मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो, व्हॉल्व्हच्या धंद्यात नोकरी करतो आणि माझ्याकडेही असा बर्नर आहे. त्यात लपवण्यासारखं मला काही वाटत नाही. लपवण्यासारखं आहे ते वेगळंच, आणि ते मात्र लोक मिरवतात.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ऑफसेट स्मोकर म्हणजे आडवं ठेवलेलं जाड लोखंडी पिंप आणि त्याच्या एका टोकाला जोडलेली लहान पेटी. लाकूड पेटीत जळतं, ऊब आणि धूर पिंपातून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर जातात. इथले लोक त्यात गुराच्या छातीचा तुकडा, ब्रिस्केट, बारा-बारा तास ठेवतात. आमच्याकडे बकऱ्याची मांडी जाते, मिरजेहून आलेला मसाला चोळून.

आगीबद्दल इथे भाविकपणा फार. लॉकहार्ट गावातलं क्रॉयट्झ मार्केट हे दुकान १९०० सालचं. १९९९ मध्ये ते नव्या इमारतीत गेलं, तेव्हा जुन्या भट्टीतले निखारे टबात घालून रस्त्यावरून ओढत नेले आणि नवी भट्टी त्यांनी पेटवली. शेजारून विस्तव मागून आणणारी आपली आजी ही गोष्ट ऐकून अजिबात चकित झाली नसती. मलाही ती आवडते. पण ज्याच्याकडे कालचे निखारे नाहीत, त्याला सुरुवात थंड पेटीपासून करावी लागते. थंड पेटीतलं लाकूड आधी धुमसतं. पांढरा, दाट, डोळ्यांत जाणारा धूर निघतो आणि तो मांसावर बसला की कडूपणा जात नाही. त्यावर उपाय म्हणून काही जण बाटलीतलं लायटर फ्लुइड ओततात आणि मग जेवणभर रॉकेलचा वास. बर्नर हा धुमसण्याचा टप्पा दहा मिनिटांत संपवतो. लाकडाने पेट घेतला की गॅस बंद आणि टाकी लांब. भाजायचं काम लाकडाचंच.

माझ्या बर्नरचं अंग म्हणजे एक इंची काळा लोखंडी पाइप, हातभर लांब, एक तोंड टोपीने बंद. अंगाला ड्रिलने पाडलेल्या भोकांच्या दोन ओळी, तिरक्या खाली तोंड केलेल्या, म्हणजे राख आत पडत नाही. दुसऱ्या टोकाला पितळी जेट, त्याच्या पुढे हवेसाठी खाचा आणि खाचांवर फिरणारं कडं. जेटमधून गॅस वेगाने सुटतो आणि जाता जाता हवा ओढून घेतो. घरच्या शेगडीखाली वाकून पाहिलंत तर हीच मांडणी दिसेल. प्रोपेनच्या एका भागाला पुरतं जळायला साधारण २४ भाग हवा लागते. त्यातली काही ज्योत बाहेरून घेते, पण आत फारच कमी आली तर ती पिवळी होऊन लोळते आणि काजळी धरते. मग कडं उघडत जायचं. आधी टोकं पिवळी राहतात, मग आवाज बदलतो, फुरफुर जाऊन एकसारखा फुत्कार येतो आणि निळे सुळके उभे राहतात. आणखी उघडलं की ज्योत भोकांवरून उचलते आणि फडफडते. तिथून थोडं मागे यायचं. हे जुळवताना जो आनंद होतो, तो दुकानातून आयतं आणून मिळत नाही, आणि म्हणूनच हा पाइप घरी करावा या मताचा मी आहे.

पण पाइपच. जेट, रेग्युलेटर, नळी आणि व्हॉल्व्ह या चार वस्तू विकतच आणायच्या, गॅससाठी म्हणून बनलेल्या. भोक पाडताना हात चुकला तर ज्योत वाकडी होते, फार तर ती आत शिरून जेटपाशी जळायला लागते; आवाजावरून कळतं आणि आपण बंद करतो. रेग्युलेटरच्या मागे चुकलं तर बंद करायला जवळ जाता येईलच असं नाही.

एका गृहस्थांनी त्यांची करामत मला हौसेने दाखवली. रेग्युलेटर नाहीच. टाकीला थेट पाण्याचा बॉल व्हॉल्व्ह, पुढे बागेत पाणी घालायची नळी, तिच्यावर चिमटे. मी विचारलं, साबणाचं पाणी लावून पाहिलंत का? म्हणाले, वास येतोय का तुला? आता हा वास मुळात गॅसचा नव्हे, गळती कळावी म्हणून मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि नाक थोड्या वेळात त्याला सरावतं. बुडबुडा मात्र फसवत नाही. रेग्युलेटर का काढला, याचं कारण त्यांच्याकडे तयार होतं: तो कमजोर होता, ज्योत मोठी होत नव्हती.

बहुतेकदा रेग्युलेटर निर्दोष असतो. इथल्या टाकीच्या जोडणीत एक छोटी सोय असते. टाकीचा नॉब एकदम उघडला तर नळी फुटली असं समजून ती गॅसचा प्रवाह चिमटते आणि ज्योत मरगळते. सगळं बंद करून जोडणी सोडायची, परत लावायची आणि नॉब सावकाश उघडायचा, एवढंच औषध. ते न करता लोक रेग्युलेटर फेकतात. ३८ अंश सेल्सिअसला, म्हणजे ह्यूस्टनच्या उन्हाळ्यातल्या दुपारी, टाकीतला दाब १७० पीएसआयच्या आसपास असतो. साध्या ग्रिलचा रेग्युलेटर तो अर्ध्या पीएसआयच्याही खाली आणतो. म्हणजे सुमारे चारशेपट फरक, आणि मध्ये पाण्याचा व्हॉल्व्ह! जास्त ज्योत हवी असेल तर जास्त दाबाचा रेग्युलेटर त्याच्या योग्य नळीसकट मिळतो, आणि जेटही त्याला जुळणारा घ्यावा लागतो.

दुकानात काळ्या पाइपाशेजारीच चकचकीत गॅल्व्हनाइज्ड पाइप असतो, तो घेऊ नये. तापला की वरचं जस्त वाफ होऊन उडतं आणि ती वाफ छातीत गेली तर ताप भरतो. मिरजेत वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हे पोऱ्यालाही ठाऊक होतं. गॅल्व्हनाइज्ड वेल्ड केलेल्या दिवशी संध्याकाळी कोणी कुडकुडत बसलं की आण्णा कारण विचारायचे नाहीत.

आणखी एक शत्रू म्हणजे कोळी. बर्नर आठवडे पडून राहिला की हवेच्या खाचांत जाळं होतं, हवा-गॅसची वाट अडते आणि ज्योत पाइपाच्या पुढे येण्याऐवजी मागे, खाचांतून बाहेर येते. हसू नका. २०११ मध्ये माझदा कंपनीने इंधनटाकीच्या वायुनळीत कोळी जाळी करतात म्हणून हजारो मोटारी परत बोलावल्या होत्या. मी दर वेळी ब्रश घालून पाइप साफ करतो.

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, पेटीच्या तळाशी साचतो. म्हणून पेटीचं दार उघडं, लांब दांड्याचा लायटर आधी पेटलेला, गॅस त्यानंतर. ज्योत विझली तर गॅस बंद करून बराच वेळ थांबायचं. शिवाय घरच्या बर्नरला ज्योत विझल्यावर गॅस आपोआप तोडणारी यंत्रणा नसते, म्हणून ती दहा मिनिटं फोन खिशात आणि माणूस जागेवर.

हे वाचून कर्जत-मुळशीच्या फार्महाऊसवर कोणाचे हात शिवशिवले असतील तर त्यांना माझं सांगणं सरळ आहे: तुम्ही हा बर्नर करू नका. तिथला लाल १४.२ किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी आहे, असल्या कामाला वापरणं कायद्यात बसत नाही. त्यातला गॅस प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतो, त्यामुळे इथली मापं तिथे जशीच्या तशी चालत नाहीत. आणि तुमच्या ग्रिलवर लाकडाचे ओंडके नसून दोन-तीन किलो कोळसा असतो, त्याला एवढी तोफ कशाला? तोच कोळसा पेटेना म्हणून दुचाकीतलं पेट्रोल ओतणारे मी तिथे पाहिले आहेत. ते तर बागेच्या नळीवाल्यापेक्षा पुढचे. पेट्रोलची वाफ काडी खाली जायच्या आत हातापर्यंत येते.

त्याऐवजी कोळसा पेटवायला पाच लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा घ्या, तळ आणि झाकण दोन्ही कापा. खालून चार बोटांवर आरपार सळ्या घालून जाळी करा, जाळीखाली चौफेर भोकं पाडा. वर कोळसा, खाली चुरगळलेला कागद, डबा विटांवर. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशाच्या कडा राखाडी होतात, तेव्हा जाड हातमोजे घालून तो ग्रिलमध्ये ओतायचा. नवा डबा पहिल्यांदा रिकामाच जाळून घ्या, रंग आणि तेल निघून जाऊ द्या. कागद वर्तमानपत्राचा उत्तम. चकचकीत पुरवणीचा नको, तो नीट पेटत नाही. या अंकाची दोन पानं पुरतील.