लावणीच्या बाईंचं शिक्षण कुठं झालं?

आमच्या संस्थेच्या कार्यालयापासून दहा मिनिटांवर एक डान्स क्लास आहे. पुण्याच्या कुठल्याही उपनगरात असतो तसाच. खाली औषधांचं दुकान, वर लांबट हॉल, एका भिंतीला आरसे. वस्तीतल्या आमच्या किशोरी गटातल्या सहा मुली तिथे सवलतीच्या फीमध्ये जातात, म्हणून माझं तिथे जाणं-येणं असतं. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या दिवसांत तिथे एक प्रसंग घडला. दिसायला छोटा, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तो मैत्रिणींपुढे मांडावासा वाटला.

क्लासच्या दारात एक पाटी आहे: ‘आमचे शिक्षक’. पहिलं नाव संचालिकाबाईंचं. भरतनाट्यम्, विद्यापीठाची एम. ए., गुरूंचं नाव, अरंगेत्रम् कोणत्या साली झालं ते. दुसरं नाव कथक शिकवणाऱ्या तरुण मुलीचं, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद. तिसरा ‘वेस्टर्न’ शिकवणारा मुलगा. त्याच्या नावापुढे पदवी नाही. तो गणपती मंडळाच्या ग्रुपमध्ये आणि टीव्हीसमोर शिकला. चौथ्या शिक्षिका लावणीच्या. वयाने पंचेचाळीसच्या आसपास, सगळ्याजणी त्यांना अक्का म्हणतात. त्यांचं नाव पाटीवर नव्हतंच. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम असतो. तेवढ्यापुरतं त्यांना बोलवायचं आणि गाण्यागणिक पैसे द्यायचे, अशी पद्धत.

एका पालकाला कुठून तरी कळलं की अक्का संगीत बारीतल्या आहेत, चौफुल्याच्या थिएटरात नाचलेल्या आहेत. दोन दिवसांत आठ-दहा पालक संचालिकाबाईंकडे आले. म्हणाले, “शिक्षकांचं बॅकग्राउंड बघायला नको का? आमच्या मुली आहेत.” बाई गडबडल्या आणि मध्यस्थीसाठी त्यांनी मला बोलावलं.

त्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारला. वेस्टर्नच्या सरांचं शिक्षण कुठं झालं, हे कुणी विचारलं आहे का? एक बाई कौतुकानं म्हणाल्या, “तो स्वतःचं स्वतः शिकलाय हो, फार टॅलेंटेड आहे.” कागद दोघांकडेही नाही. मुलाच्या बाबतीत ते टॅलेंट, बाईच्या बाबतीत बॅकग्राउंड! त्या मुलाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तो मेहनती आहे आणि वस्तीतून वर येतो आहे. पण ‘बॅकग्राउंड’ या इंग्रजी शब्दाआड पालक जे विचारत होते ते शिक्षणाबद्दल नव्हतंच. ते जातीबद्दल होतं, आणि त्या जातीतली बाई कुणासमोर नाचली याबद्दल होतं.

आता अक्कांच्या शिक्षणाविषयी. त्या सांगतात, सातव्या-आठव्या वर्षी आईनं आणि मावशीनं ढोलकीवाल्याशेजारी बसवलं. आधी नुसतं ऐकायचं, हातावर मात्रा मोजायच्या. मग पायात चाळ. पहाटे रियाज, रात्री मोठ्या बायकांची बारी बघायची. पाय चालायला लागल्यावर गळा. त्यानंतर सगळ्यात अवघड ते, म्हणजे बसून अदा. उठून नाचायचं नाही. एकाच ओळीचा अर्थ डोळ्यांनी, मानेनं, हातानं दहा तऱ्हांनी सांगायचा. “म्याडम, तुमचं एमएसडब्ल्यू किती वर्षांचं?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दोन. “माझं बारा वर्षांचं. कागद नाही, एवढंच.”

हे लिहिताना मी संगीत बारीचं गोडवं गाणारं चित्र काढत नाही. हे शिक्षण ज्या घरांत मिळतं तिथे मुलीची शाळा सुटते आणि घर तिच्या पायांवर चालतं. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं. नाचणाऱ्या बाईच्या कमाईवर बसून खाणारे बाप-भाऊ आणि ‘चिरा’ उतरवण्याच्या नावाखाली होणारा मुलीच्या शरीराचा सौदा त्यानं उघड्यावर आणला. अक्कांची शाळा चौथीत सुटली. स्वतःच्या मुलीच्या पायात त्यांनी चाळ बांधले नाहीत, तिला नर्सिंगला घातलं. पण म्हणून त्यांची विद्या खोटी ठरत नाही. ज्या व्यवस्थेनं बाईला पिळलं त्या व्यवस्थेला नाही म्हणायचं, आणि बाईनं मिळवलेली विद्या मात्र तिचीच मानायची, हे दोन्ही एकदम करता आलं पाहिजे.

आणि पाटीवरच्या पहिल्या दोन नावांचं ‘बॅकग्राउंड’ तरी काय आहे? आज आपण ज्याला भरतनाट्यम् म्हणतो ते सदिर या नावानं देवदासींच्या घराण्यांनी जपलेलं नृत्य. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल मद्रासला अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत ते जाहीरपणे नाचल्या आणि १९३६ साली त्यांनी कलाक्षेत्र स्थापन केलं. त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये मैलापूरच्या गौरी अम्माळ होत्या, ज्या स्वतः देवदासी परंपरेतल्या. १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. प्रथा जायलाच हवी होती. पण प्रथेबरोबर त्या बायकांचं मंचावरचं स्थानही गेलं, आणि त्यांची विद्या वरच्या जातींच्या मुलींकडे गेली. बालसरस्वतींसारखी एखादी त्या घराण्यातली कलावंत ताठ मानेनं उभी राहिली. बाकीच्यांची नावं आज आपल्यापैकी कितीजणींना सांगता येतील? कथकचंही तेच. घराण्याच्या वंशावळीत बाप, मुलगा, पुतण्या असे सगळे पुरुष. ज्या तवायफांनी कोठ्यांवर ते नृत्य जगवलं त्यांना त्या वंशावळीत जागा नाही.

म्हणजे नाच मान्य झाला, नाचणारी नाही. लावणीच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात हेच चाललं आहे. विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. गॅदरिंगला, सोसायटीच्या गणपतीत, महिला दिनाच्या कार्यक्रमात नऊवारी नेसून लावणी हवीच. पण ती शिकवायला संगीत बारीतली बाई दारात आली की आपण विचारतो, “कुठली?”

आपल्या चळवळीनंही हा प्रश्न नीट सोडवलेला नाही. २००५ साली महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली तेव्हा स्त्री संघटनांमध्येच दोन तट पडले. त्या कायद्यानं तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली होती. तोच नाच महागड्या हॉटेलात चालेल, साध्या बारमध्ये नाही. २००६ साली उच्च न्यायालयानं ही बंदी रद्द केली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला. मधल्या काळात ज्यांची रोजी गेली त्यांतल्या अनेकजणी परंपरेनं नाचणाऱ्या समाजांतल्याच होत्या. शोषण थांबवायचं म्हणत आपण बाईचं कामच काढून घेतो का, हा तेव्हाचा प्रश्न आमच्या क्लासच्या हॉलमध्ये पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला.

आणि मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. संचालिकाबाईंना मीच सुचवलं होतं की अक्कांच्या नावापुढे ‘लोककला प्रशिक्षक’ लिहा, चौफुल्याचा उल्लेख नको, वाद मिटेल. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, “ताई, आईचं नाव लपवायचं असलं तर तिची लावणी कशाला शिकवू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाजकार्याच्या पदवीनं मला तडजोड शिकवली होती. कुणाच्या मानाची किंमत देऊन ती करायची, हे मी विचारलंच नव्हतं.

पालकांची काळजी सगळी खोटी नव्हती. खासगी डान्स क्लासमध्ये शिकवायला अमुक पदवी हवीच असं बंधन नाही, तेव्हा शिक्षकांबद्दल विचारलंच पाहिजे. पण विचारायचं ते सगळ्यांना सारखं. हे शिक्षक कुणाकडे, किती वर्षं शिकले? लहान मुलींच्या गुडघ्यांना, कमरेला इजा होऊ नये म्हणून काय काळजी घेतात? मुलीला हात लावून स्थिती सुधारताना आधी विचारतात का? वर्ग चालू असताना दार उघडं असतं का, दुसरं मोठं माणूस हजर असतं का? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ सालचा कायदा सांगतो की असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आमच्या क्लासमध्ये ही गोष्ट चारही शिक्षकांपैकी एकालाही माहीत नव्हती. अक्कांच्या खानदानाची चौकशी करणाऱ्या पालकांपैकीही कुणी ती विचारली नव्हती.

शिक्षिकांची सुरक्षितताही कुणी विचारत नाही. २०१३ सालच्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या बाईला लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. कथक शिकवणारी ती विशारद मुलगी रात्री साडेनऊला एकटी कुलूप लावून जाते. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

शेवटी काय झालं? दोन मुली क्लासमधून काढल्या गेल्या. बाकीच्या राहिल्या. पालकांसाठी आम्ही प्रश्नांचा एक कागद तयार केला, तो चारही शिक्षकांना लागू आहे. आणि संक्रांतीनंतर पाटी नवी रंगवली. चौथ्या ओळीत अक्कांचं नाव आहे, त्यापुढे लावणी, आणि ‘गुरू’ या शब्दाखाली त्यांच्या आईचं आणि मावशीचं नाव. पैसे मात्र अजून गाण्यागणिकच मिळतात. ते भांडण बाकी आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, वॉर्डात असा क्लास असेलच. एकदा जिना चढून वर जा आणि पाटी वाचा. पाटीवर नाव नसलेलं कोण शिकवतंय, ते विचारून या.