बॅगेवर बसाल, पण बॅग विमानात बसेल का?

विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवरून बॅगेवर बसून भुर्रकन निघालेले प्रवासी आता रील्समधून घरोघरी पोचलेत. एअरव्हील, मोडोबॅग अशा नावांच्या या बॅगा. जाहिरातीत अनेकदा ‘एअरलाइन अप्रूव्ह्ड’ असं ठळक लिहिलेलं असतं. पण अशा बॅगेला सरसकट मंजुरी देणारी कुठलीच जागतिक यंत्रणा नाही. नियम आहेत ते तिच्या पोटातल्या लिथियम-आयन बॅटरीचे. आणि त्यावरही निर्णय शेवटी तुमचं तिकीट ज्या कंपनीचं, तिचाच.

आधी नियम बघू. बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत असेल तर साधारणपणे केबिनमध्ये नेता येते. १०० ते १६० पर्यंत कंपनीची आगाऊ परवानगी लागते. १६० च्या वर बंदी. हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. बॅटरीवर ३६ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर लिहिलं असेल तर ती ७२ वॉट-अवरची झाली, म्हणजे मर्यादेत. पण एवढ्यावर भागत नाही. बॅग चेक-इन करायची असेल तर बॅटरी काढून स्वतःजवळ केबिनमध्ये ठेवावी लागते. न निघणारी बॅटरी २.७ वॉट-अवरच्या वर असेल, तर ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या नियमावलीत अशी बॅग चालतच नाही. आणि २.७ वॉट-अवरवर माणूस ओढणारी मोटार चालत नसते.

एवढी कडक शिस्त कशासाठी? सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ यूपीएस कंपनीचं मालवाहू विमान आगीमुळे कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवायला बंदी आली. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभं असलेलं एअर बुसानचं विमान जळालं. सगळे वाचले, पण तपासात संशयाची सुई पॉवर बँकेकडे गेली. केबिनमध्ये धूर निघाला तर तो दिसतो, कर्मचारी पाणी मारून बॅटरी थंड करू शकतात. खालच्या सामानकक्षात हात पोचत नाही. तिथली अग्निशमन यंत्रणा ज्वाळा दाबते, पण बॅटरीच्या आत वाढत जाणारी उष्णता थांबवू शकत नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी जानेवारी २०१८ पासून न निघणाऱ्या बॅटरीच्या स्मार्ट बॅगा बंद केल्या. काही महिन्यांतच ब्लूस्मार्ट या बॅग बनवणाऱ्या कंपनीला गाशा गुंडाळावा लागला.

आपल्याकडे वजनाचा पेच वेगळाच. देशांतर्गत इकॉनॉमीत हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो असते. मोडोबॅगसारखी बॅग रिकामीच साडेआठ किलोच्या घरात जाते. म्हणजे एक शर्टही न भरता ती चेक-इनलाच जाणार. बेळगाव, कोल्हापूरहून एटीआर किंवा एम्ब्रेअरसारखी छोटी विमानं उडतात, त्यांत वरचे कप्पे आखूड. तिथे मोठी बॅग विमानाच्या दाराशीच काढून घेतात. त्या क्षणी बॅटरी हाताने निघाली नाही, तर बॅग तरी मागे राहील नाहीतर तुम्ही तरी. पुढे मुंबई-बेंगळुरूहून परदेशी कंपनीचं विमान असेल तर नियम पुन्हा बदलू शकतात. काही कंपन्या अशा बॅगांना हॉवरबोर्डच्या रांगेत बसवून थेट नकार देतात.

आई-बाबांचे गुडघे दुखतात म्हणून ही बॅग घ्यायचा विचार असेल, तर थांबा. विजेच्या व्हीलचेअरला बॅटरीची मोठी सवलत आहे, निघणारी बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंत चालते. पण ती सवलत चालण्यास अडचण असलेल्यांच्या साधनांना आहे, बॅगेला नाही. त्यापेक्षा तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवलेली बरी.

जपानमध्ये प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. २०२४ मध्ये ओसाकात फुटपाथवरून अशी बॅग चालवणाऱ्या महिलेवर विनापरवाना वाहन चालवल्याची कारवाई झाली. तिथल्या कायद्यात ही बॅग मोटार लावलेल्या सायकलच्या वर्गात मोडते.

खरा दोष साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. विकणारा ‘अप्रूव्ह्ड’ लिहून मोकळा होतो, आणि नियम ग्राहकाला कळतो तो चेक-इनच्या काउंटरवर, मागे रांग खोळंबलेली असताना. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. हा अधिकार इथे वापरायला हवा. बॅटरी किती वॉट-अवरची, हाताने निघते का आणि रिकाम्या बॅगेचं वजन किती, या तीन गोष्टी विक्रीच्या पानावर किमतीशेजारीच छापायची सक्ती करायला हवी.

ते होईपर्यंत हे तीन प्रश्न आपणच विचारायचे. उत्तरं मिळाली की ती विमान कंपनीला ईमेलने कळवून लेखी होकार घ्यायचा, आणि मगच पैसे मोजायचे.