परतावा म्हणजे दान नव्हे

१ फेब्रुवारी २०२४ रोजी लोकसभेत सादर झालेल्या अंतरिम अर्थसंकल्पात एक कबुली होती. वृत्तपत्रांनी ती सवलतीची बातमी म्हणून छापली आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेली. प्राप्तिकर खात्याच्या दप्तरी किरकोळ रकमांच्या असंख्य मागण्या पडून आहेत, त्यांतील काही थेट १९६२ सालापासूनच्या आहेत, कित्येकांची पडताळणी झालेली नाही आणि त्यांच्यापायी प्रामाणिक करदात्यांचे पुढील वर्षांचे परतावे अडतात, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच सभागृहात सांगितले. २००९-१० पर्यंतच्या पंचवीस हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांतील दहा हजारांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याचा निर्णय त्याच भाषणात जाहीर झाला. निर्णय स्तुत्यच होता. परंतु ज्या खात्याला सामान्य माणसाकडून येणे असलेली बासष्ट वर्षांपूर्वीची रक्कम विसरवत नाही, तेच खाते त्या माणसाला देणे असलेली रक्कम किती दिवस लक्षात ठेवते, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही.

याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकातच आहे. मुदत टळल्यावरही विवरणपत्र भरून परतावा मागण्याची सोय प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३९(४) मध्ये होती. २०१६-१७ या करनिर्धारण वर्षापर्यंत त्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यानंतर तब्बल दोन वर्षे मिळत. पुढच्याच वर्षापासून दोनाचे एक वर्ष झाले. २०२१ च्या वित्त कायद्याने आणखी तीन महिने कापले आणि ३१ डिसेंबर ही शेवटची तारीख ठरली. म्हणजे उरले नऊ महिने! पाच वर्षांच्या आत नागरिकाची मुदत निम्म्याहूनही कमी झाली आणि त्याविरुद्ध ना मोर्चा निघाला ना निवेदन गेले. कारण ज्यांचे नुकसान झाले ते संघटित नव्हते. ते घरोघरी विखुरलेले वृद्ध होते.

सांगली-मिरजेकडील, किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावातील, एखाद्या दिवंगत शिक्षकाच्या पत्नीचे उदाहरण घ्यावे. वय अडुसष्ट. कौटुंबिक निवृत्तिवेतन महिना पंधरा हजार, म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार. पतीच्या ग्रॅच्युइटीची रक्कम मुदत ठेवीत. तिचे व्याज एक लाख वीस हजार. निवृत्तिवेतनावरील पंधरा हजारांची वजावट धरता एकूण उत्पन्न होते दोन लाख पंच्याऐंशी हजार. ज्येष्ठ नागरिकासाठी तीन लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे या बाई सरकारचे एक पैसाही देणे लागत नाहीत. परंतु पती गेल्यानंतरच्या धावपळीत १५ एच हा फॉर्म भरून द्यायचा राहिला आणि बँकेने नियमाप्रमाणे दहा टक्के टीडीएस कापला. वर्षाला बारा हजार. कोरोनाच्या २०२०-२१ या वर्षी दर साडेसात टक्क्यांवर आला होता, तेव्हा सुमारे नऊ हजार. २०२३-२४ पर्यंतच्या चार वर्षांत मिळून पंचेचाळीस हजारांच्या आसपास रक्कम सरकारजमा झाली. तीन महिन्यांचे निवृत्तिवेतन! बँकेची चूक नाही, बाईंची लबाडी नाही, आणि तरीही पैसा ज्याचा नाही त्याच्याकडे पडून आहे.

अशा घरात पुढे काय होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. मुलगा पुण्यात किंवा परदेशात. शेजारचे कोणी सांगतात, "वहिनी, मुदत गेली, आता नाद सोडा." गावातला कर सल्लागार चार वर्षांच्या कागदपत्रांकडे पाहून मान हलवतो, कारण या कामात मेहनत फार आणि मेहनताना थोडा. मग घरात ते मध्यमवर्गीय ब्रह्मवाक्य उच्चारले जाते, की प्राप्तिकरवाल्यांच्या नजरेस न पडलेले बरे. करचुकवेगिरी ज्यांनी स्वप्नातही केली नाही, त्यांनी चोरासारखे लपून बसावे, ही मानसिकता कोणत्या राज्यकर्त्यांच्या काळात रुजली याचा शोध घ्यायला हवा. वस्तुतः करदात्याच्या अज्ञानाचा फायदा अधिकाऱ्यांनी घेऊ नये, उलट परताव्याचा हक्क त्याला दाखवून द्यावा, असे परिपत्रक ११ एप्रिल १९५५ रोजीच निघाले आहे. इतक्या वर्षांत त्याची आठवण न्यायालयांना अनेकदा झाली. खात्याच्या खिडकीवर ती क्वचितच होते.

मुदत गेली म्हणजे हक्क गेला, हे मुळातच असत्य आहे. कलम ११९(२)(ब) अन्वये विलंब माफ करण्याचा अधिकार केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला आहे आणि १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने एक कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी तो प्रधान आयुक्त व आयुक्त यांच्याकडे सोपवला आहे. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा. अर्ज आला त्या महिन्याच्या अखेरीपासून शक्यतो सहा महिन्यांत तो निकाली काढावा, असेही परिपत्रक म्हणते. खरी अडचण होती एवढे दाखवावे लागते. पतीचे निधन आणि वार्धक्य यांहून खरी अडचण ती कोणती? 'खरी अडचण' या शब्दांचा अर्थ उदारपणे लावावा, असे मुंबई उच्च न्यायालयाचेही मत आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख अगत्याचा आहे. २०२२ पासून 'अद्ययावत विवरणपत्र' ही नवी सोय आली आणि २०२५ मध्ये तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. अनेकांना वाटते, की आता याच वाटेने जुना परतावा मागता येईल. मागता येत नाही! ती वाट फक्त सरकारला अधिक कर देऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. द्यायचे असेल तर चार वर्षे दार सताड उघडे; घ्यायचे असेल तर नऊ महिने, आणि त्यानंतर आयुक्तांची विनवणी. व्याजाचेही तेच. नागरिकाला विलंब झाला तर थकलेल्या करावर महिन्याला एक टक्का. सरकारला परत करायचे असेल तर अर्धा टक्का. आणि विलंब माफ करून घेतलेल्या परताव्यावर शून्य.

यावर नोकरशाहीचा ठरलेला युक्तिवाद असा, की शिस्त लागण्यासाठी मुदत कडक हवी. शिस्त अवश्य हवी. त्यासाठी २०१८-१९ या करनिर्धारण वर्षापासून विलंबशुल्क आहेच. पण जो कर देय नव्हताच, तो केवळ तारीख चुकली म्हणून ठेवून घेणे ही शिस्त नसून जप्ती आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर आकारता किंवा वसूल करता येणार नाही, असे राज्यघटनेचे २६५ वे कलम सांगते. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या नव्या प्राप्तिकर विधेयकात, मूळ मुदतीत विवरणपत्र न भरणाऱ्यास परतावाच नाही, अशा अर्थाची तरतूद शिरली होती. तो मसुदा कोणाच्या लेखणीतून उतरला हे कळायला मार्ग नाही. पण ती लेखणी कधी बँकेच्या रांगेत उभी राहिली नसावी. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने ती अट काढण्याची शिफारस केली, सरकारने ती मानली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. लोकप्रतिनिधी जागे असले तर काय होते, याचे हे उदाहरण.

टक्केवारीवर 'परतावा काढून देणारे' दलाल मात्र यापासून दूर ठेवले पाहिजेत. खोट्या देणग्या आणि खोटी घरभाडी दाखवून मिळवलेले परतावे हुडकण्यासाठी जुलै २०२५ मध्ये देशभर दीडशे ठिकाणी तपासणी झाली. त्या भामट्यांमुळेच प्रत्येक उशिरा आलेल्या अर्जाकडे संशयाने पाहिले जाते, आणि भुर्दंड पडतो तो त्या शिक्षकपत्नीला.

प्रत्येक वस्तीत कार्यकर्त्यांपैकी कोणी सनदी लेखापाल असतो, कोणी बँकेतून निवृत्त झालेला असतो. असे दोघे एखाद्या रविवारी ज्येष्ठांसोबत बसले, तर २६ एएस उतरवून घेणे, पॅन आधारशी जोडलेले आहे ना हे पाहणे (ते नसेल तर परतावा मिळतच नाही), बँक खाते संकेतस्थळावर प्रमाणित करणे आणि प्रत्येक वर्षासाठी स्वतंत्र अर्ज लिहिणे, हे सारे होण्यासारखे आहे. आदेश हाती आल्यावर विवरणपत्र भरायचे आणि त्याची ई-पडताळणीही करायची. तिच्यावाचून ते भरले असे धरलेच जात नाही. २०२५ चा कायदा आला म्हणून या जुन्या वर्षांचा हक्क बुडत नाही, त्यांना १९६१ चाच कायदा लागू राहतो. २०२०-२१ मध्ये कापलेल्या रकमेसाठी, म्हणजे २०२१-२२ या करनिर्धारण वर्षासाठी, अर्जाची पाच वर्षे ३१ मार्च २०२७ रोजी संपतात.