दर्जा विद्यार्थ्यांनी घसरवला?



‘परदेशी विद्यार्थ्यांमुळे ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचा दर्जा घसरला’ हे मागच्या अंकातलं पत्र म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. इंग्रजी कच्चं असलेल्यांना प्रवेश देतं कोण? २०१९ साली एबीसी वाहिनीच्या ‘फोर कॉर्नर्स’ कार्यक्रमात मर्डोक विद्यापीठाचे गेर्ड श्रोडर-टर्क यांनी याच प्रवेशांबद्दल तोंड उघडलं. प्रकरण कोर्टात गेल्यावर विद्यापीठाने उलट त्यांच्याकडेच नुकसानभरपाई मागितली! बरीच छी-थू झाल्यावर २०२० मध्ये ती मागणी सोडली.

मी स्वतः मेलबर्नमध्ये तासावारी ट्यूटर होतो (विद्यापीठाचं नाव राहू द्या). गटाच्या असाइनमेंटमध्ये एकच मुलगी लिहायची, बाकीच्यांची नुसती नावं. हे सगळ्यांना कळायचं. पण कुणाला नापास करायचं तर खुलाशांवर खुलासे, आणि पैसे मात्र पेपरमागे ठरलेल्या मिनिटांचेच. मग काठावर पास. त्यातल्या कित्येकांच्या घरी शैक्षणिक कर्जासाठी जमीन नाहीतर फ्लॅट तारण पडलेला. नापास होणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि त्यांना नापास करणं विद्यापीठालाही. पत्रलेखकांनी यातली दुसरी बाजू सोयीने गाळली आहे.

– एक माजी ट्यूटर, पुणे